कामशेतच्या पुढची शांतता

५ जानेवारी, सोमवार

पुन्हा कॉल तुटला! कासारवाडीपर्यंत बाबांचा आवाज खणखणीत, आणि मग काहीच नाही. मी "हॅलो, हॅलो" करत बसले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवून बघितलं. मग अगदी निवांत — "पिंपरी, चिंचवड, आकुर्डी..." बाबा आपले चालू.

वही अभिनवने आणून दिली. म्हणाला, "ऑफिस रोज माझ्या डोक्यावर ओततेस, ते ह्यात ओत." नवरा चाकणला गाड्यांचे दरवाजे बसवतो. त्याच्या लेखी पॅकेट म्हणजे बिस्किटांचं. बिचाऱ्याची सुटका करते.

तर — आमच्या ॲपवरून लोक एकमेकांशी बोलतात. घरात असेपर्यंत कॉल वायफायवरून जातो. माणूस बोलता बोलता घराबाहेर पडला की तोच कॉल मोबाइलच्या नेटवर्कने उचलायचा. ही अदलाबदल बोलणाऱ्याला कळता कामा नये. ती कळते का, हे बघायचा पगार मला मिळतो. खराडीत आमच्या ऑफिसात पावलोपावली वायफाय, गेटाबाहेर भरपूर रेंज. तिथे सगळंच चालतं. म्हणून मी बाबांना कामाला लावलं. खडकीला त्यांच्या घरात वायफाय उत्तम, जिन्यात मरतुकडं, आणि खाली गल्लीत मोबाइलला रेंजची जेमतेम एक दांडी. लष्करी छावणीच्या कडेला असंच असतं. राहणाऱ्यांना ताप, मला पर्वणी.

रोज सकाळी उशिरा, म्हणजे माझा चहा आणि त्यांचा पेपर झाला की, मी खराडीहून कॉल लावते. बाबा फोन कानाला लावून घरातून निघतात, जिना उतरतात, गल्लीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत जाऊन परत येतात. सगळा वेळ सलग बोलायचं. "एक, दोन, तीन म्हणा," असं मी सुचवलं होतं. "मी बालवाडीत नाही," असं उत्तर आलं. मग त्यांनीच स्टेशनं काढली. पुणे, शिवाजीनगर, खडकी, दापोडी, थेट लोणावळ्यापर्यंत. तेव्हा आम्ही तळेगावला राहायचो; नोकरीभर तिथून खडकीला लोकलने आले-गेले, त्यांना ती झोपेत म्हणता येतात. मध्ये आवाज गेला तर किती स्टेशनं गळाली त्यावरून मला अंदाज येतो.

आणि गंमत बघ. आज एकही गळलं नाही! कासारवाडी, शांतता, पिंपरी. म्हणजे आवाज हरवत नाही, कुठेतरी अडकून राहतो आणि उशिरा पोचतो. असला बग मी आजवर पाहिलेला नाही.

खात्री म्हणून बाबांना विचारलं, तुम्ही मध्ये थांबला होतात का?

"मी कशाला थांबू?"

विषय संपला. दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म गेला. हातात घेतलेलं काम मध्येच सोडायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलंय.

६ जानेवारी, मंगळवार

सलिलला दाखवलं. सलिल आमचा टीम लीड. वयाने माझ्याहून लहान, आव मात्र सासऱ्याचा. लॉग, म्हणजे कॉलची यंत्राने ठेवलेली नोंद, उघडून म्हणाला, "खडकीहून निघालेलं सगळं खराडीत पोचलंय. एकही पॅकेट, आवाजाचा एवढासा तुकडाही, गळलेला नाही, अडकलेलाही नाही. नेटवर्क स्वच्छ आहे."

"मग ती शांतता कुठून आली?"

"तुझ्या बाबांना विचार."

हा त्याचा विनोद. म्हटलं, विचारलं, ते थांबले नव्हते. मग म्हणे, फोन जुना असेल. नाचता येईना अंगण वाकडं! माझे कान आणि त्याचा लॉग, ह्यात माझा विश्वास माझ्या कानांवर आहे.

८ जानेवारी, गुरुवार

आज जाता-येता एकदाही तुटला नाही. नेमका आजच सलिल मागे उभा राहून ऐकत होता. जागेवर परत जाऊन त्याने बग बंद केला. शेरा — "पुन्हा आढळला नाही."

मेला.

१० जानेवारी, शनिवार

सुट्टी. लेकीला, पूर्वाला घेऊन सकाळीच बाबांकडे गेले. आमच्या बोपोडीहून खडकी म्हणजे हाकेच्या अंतरावर, तरी आठवडाभर माझं त्यांच्याकडे जाणं म्हणजे संध्याकाळी दारात उभं राहून पूर्वाला चपला घालायच्या आणि निघायचं. तिची शाळा खडकीलाच आहे. दुपारी शाळा सुटली की बाबा तिला स्कूटरवरून घरी आणतात, जेवू घालतात, मी येईपर्यंत सांभाळतात. माझी नोकरी चालते ती ह्या व्यवस्थेवर. उगाच कशाला लपवू.

गेले तर बाबा इस्त्रीचा शर्ट खोचून, घड्याळ लावून, फोन रुमालाने पुसून तयार.

"बाबा, आज शनिवार. आज टेस्ट नाही."

"अच्छा, नाही का," म्हणाले आणि घड्याळ काढून ठेवलं. मला इतकं वाईट वाटलं! आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून त्यांच्या दिवसाला आकारच राहिला नव्हता. सकाळी पेपर, दुपारी पूर्वा, मधला वेळ खायला उठायचा. आणि मी माझ्या सोयीसाठी काढलेलं हे काम त्यांनी ड्युटी करून टाकलं. मग म्हटलं, चला, तुमच्यासाठी एक जादा फेरी. लगेच घड्याळ परत मनगटावर.

मी स्वयंपाकघरात कॉल लावून बसले, ते जिना उतरून गेले. सगळं सुरळीत. वर आल्यावर मी त्यांना अदलाबदल समजावून सांगितली — की फोन घरच्या ओळखीच्या वायफायला चिकटून बसतो, ते अगदी मरायला टेकलं तरी सोडत नाही, आणि सोडतो तेव्हा दुसरं हातात आलेलं नसतं. मग कॉल पडतो.

"म्हणजे चालत्या गाडीत चढण्यासारखं," बाबा म्हणाले. "दांडी हाताला लागल्याशिवाय फलाट सोडायचा नाही."

"तुम्ही चालत्या गाडीत चढायचात?"

"तुझ्या आईला सांगितलं नव्हतं कधी."

अशी बाबांशी गप्पा मारण्याची मला सवय नाही. लहानपणी त्यांच्याशी बोलणं म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही मागणं. आता रोज त्यांचा आवाज कानात असतो, आणि त्यातून असं काहीतरी मधूनच हाती लागतं. बग बंद झाला तरी ह्या फेऱ्या चालू ठेवायच्या, असं मी मनाशी ठरवलं.

निघताना समोरच्या अख्तरबानू चाची भेटल्या. आई असल्यापासूनचा शेजार. जरा घुश्शात होत्या. "भाऊंना काही बोललंय का कोणी? सोमवारी जिन्यात उभे होते, फोन कानाला. मी सलाम केला, तर बघून न बघितल्यासारखं केलं."

"चाची, त्यांची टेस्ट चालू असते. सलग बोलायचं असतं, मध्ये कुणाशी बोलता येत नाही."

"बोलत कुठे होते? गप्पच उभे होते."

"मग माझं ऐकत असतील."

चाचींचं समाधान झालेलं दिसलं नाही. पुण्यात नमस्काराला उत्तर मिळालं नाही की माणसं ते वर्षभर पुरवून वापरतात.

रस्त्यात पूर्वा म्हणाली, "आई, आजोबा स्टॅच्यू लय भारी खेळतात. मी स्टॅच्यू म्हणायच्या आधीच होतात."

बाबा आणि स्टॅच्यू! मी आणि बद्रीदादा लहान असताना त्यांनी आमच्याशी कधी पत्त्यांचा साधा डाव मांडला नाही. नातवंडं खरंच नशीब काढून येतात. जरा हेवाच वाटला मला.

११ जानेवारी, रविवार

सलिल फोनवर नाही तर राउटरवर ढकलणार, म्हणून आधीच दोन्ही बदलायचं ठरवलं. फोन माझा जुना दिला. राउटरसाठी बाबांना घेऊन बुधवार पेठेत गेले. दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले. रविवार असून निम्मी दुकानं उघडी होती.

दुकानदार खालिद नावाचा तरुण. "साधा दाखवू की चांगला?" — म्हणजे साधा मागणाऱ्याने तिथल्या तिथे लाज वाटून घ्यायची. चांगल्याची किंमत सांगितली आणि बाबा गप्प. नुसते राउटरकडे बघत उभे. खालिदने वाट पाहिली. थोडी कमी केली. बाबा ढिम्म. "काका, आपल्याशीच बोलतोय." तरी नाही. शेवटी त्याने आणखी उतरवली आणि म्हणाला, "ह्याच्या खाली भाव आला तर मलाच घरी घेऊन जा."

तेव्हा बाबांनी वर बघून विचारलं, "हां, काय किंमत म्हणालात?"

मी हसू दाबून बाहेर बघत राहिले. मी आयुष्यभर भाजीवाल्यांशी घासाघीस केली, पण गप्प राहून भाव पाडायची ही विद्या बाबांनी मला आजपर्यंत दिली नव्हती. घरी येताना म्हटलं, "बाबा, काय गप्प बसलात हो तुम्ही!" तर म्हणाले, "कुठे?"

वर हा साळसूदपणा.

१३ जानेवारी, मंगळवार

नवा राउटर, वेगळा फोन. बेगडेवाडी, शांतता, घोरावाडी. पुन्हा एकही स्टेशन गळलेलं नाही.

म्हणजे यंत्रं निर्दोष. दोष आमच्या ॲपचा. बग पुन्हा उघडला. ह्यावेळी रेकॉर्डिंग जोडलं. सलिलने अंगठा पाठवला, त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सलिलने टीमच्या ग्रुपवर टाकलं — "तिळगूळ घ्या, सलग बोला." सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

बाबांनी तिळगुळाचा डबा घेऊन पहिली फेरी चाचींच्या दारात मारली. मीच सुचवलं होतं. चाची म्हणाल्या, "आता ओळख पटली का?" बाबांना काही समजलं नाही. मला विचारतात, मी कधी ओळख दाखवली नाही? चेहरा खरोखर गोंधळलेला होता. म्हटलं, जाऊ द्या, लाडू द्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

बद्रीदादाचा नाशिकहून फोन. संक्रांतीचं गोड बोलणं झालं आणि मग मूळ मुद्दा. "बाबांची स्कूटर काढून टाक."

म्हटलं का?

"दिवाळीत मी मागे बसलो होतो. सिग्नल हिरवा झाला तरी ते निघेनात. मागून हॉर्न, शिव्या. मी खांद्याला धरून हलवलं तेव्हा निघाले. आणि त्या स्कूटरवर तू पोरीला बसवतेस."

मी भडकले. म्हटलं, तू वर्षातून एकदा येतोस आणि आल्यावर दोष काढतोस. बाबांना हॉर्नचा तिटकारा आहे, हॉर्न वाजवला की ते मुद्दाम जास्त वेळ थांबतात, अख्ख्या खडकीला माहीत आहे. डोळे तपासलेत, साखर नाही, बीपी माझ्याहून बरं. मी रोज बोलते त्यांच्याशी. रोज! माझ्या कानात रोज त्यांचा आवाज असतो. मला कळणार नाही?

"बोलणं वेगळं, रूपा. मी त्यांना इकडे नाशिकला घेऊन येतो."

"नाशिकला नेऊन काय करणार आहेस त्यांचं? गॅलरीत बसवणार?"

त्याने फोन ठेवला. मीच जरा जास्त बोलले. पण स्कूटर काढली तर बाबांचं उरतं काय? दुपारी शाळेच्या गेटपाशी उभं राहणं, पूर्वाचं दप्तर पायापाशी ठेवणं, वाटेत तिला पेरू घेऊन देणं — तेवढ्यासाठी तर माणूस आंघोळ करून तयार होतो. आणि माझं काय उरतं, हेही आहेच. पूर्वाला कोण आणणार? मी काय खराडीहून उडत येऊ? हा स्वार्थ आहे. असू दे. दादाच्या काळजीत त्याचा स्वार्थ नसेल कशावरून, इथे न राहता मुलगा असल्याचं समाधान मिळतं त्याला.

अभिनवला सांगितलं. तो म्हणाला, "एकदा डॉक्टरला दाखवून घ्यायला काय जातंय?" म्हटलं, सिग्नलला उशीर झाला म्हणून डॉक्टर? मग अर्धं पुणं भरती करावं लागेल.

१९ जानेवारी, सोमवार

जिंकले!

ॲपची नवी आवृत्ती ह्या आठवड्यात बाहेर जायची होती. दीपमाला मॅडमनी — सलिलच्या वरच्या — सगळ्यांना खोलीत बोलावलं. मी तीन दिवसांची रेकॉर्डिंगं लावली. कासारवाडी — शांतता. बेगडेवाडी — शांतता. वडगाव — शांतता. स्पीकरवर बाबांचा आवाज त्या काचेच्या खोलीत इतका शांत, इतका गंभीर, एखादा माणूस सगळं आयुष्य ओळीने सांगत असावा तसा. कुणी हसलं नाही.

सलिल लॉग दाखवत राहिला. काही हरवलं नाही, काही अडकलं नाही. मॅडम म्हणाल्या, "लॉग ठीक आहे, पण गिऱ्हाईक लॉग ऐकत नाही. बोलणारा माणूस मध्येच गप्प झाला तर समोरच्याचा जीव टांगणीला लागतो. कारण सापडल्याशिवाय बाहेर काढायचं नाही."

माझ्या एकटीच्या हट्टावर अख्खं ॲप थांबलं. बाहेर आल्यावर सलिल म्हणाला, "तुझ्या बाबांना मानधन द्यायला हवं." ह्यावेळी टोमणा नव्हता तो. चांगला आहे तसा.

बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "म्हणजे माझं काम उपयोगी पडलं म्हणायचं." संध्याकाळी पूर्वाला घ्यायला गेले तर चाची दारातच. "भाऊ सांगत होते, कंपनी थांबवली म्हणे त्यांनी?"

थांबवलीच की.

२० जानेवारी, मंगळवार

एकदा आकुर्डीनंतर. सलिल दिवसभर कोडमध्ये डोकं घालून.

२१ जानेवारी, बुधवार

सलिलला एक शेवटचा संशय आला आहे. ॲपमध्ये एक चाळण आहे. माणसाचा आवाज ठेवायचा आणि मागचा गोंगाट टाकून द्यायचा. पंखा, रिक्षा, भांडी, सगळं. म्हणूनच आमच्या कॉलमध्ये माणूस गप्प झाला की अगदी विहिरीत उतरल्यासारखं शांत होतं. सलिलला वाटतं, अदलाबदलीच्या गडबडीत ही चाळण बाबांच्या आवाजालाच गोंगाट समजून टाकत असेल. "पण मग स्टेशनं गळायला हवीत," मीच म्हटलं. तो म्हणाला, "हो ना. तेच कळत नाही. तरी काढून बघू." उद्याच्या कॉलसाठी चाळण काढलेलं ॲप त्याने बाबांच्या फोनवर पाठवलं.

संध्याकाळी बाबांकडे थोडी टेकले. त्यांनी चहा केला. दोन कपांत ओतला, तिसऱ्यांदा ओतायला गेले तर कप नव्हता. किटली धरून जरा थांबले. मग ठेवून दिली. आईचा कप.

घरी येताना वाटलं, सगळे बाबांना ओळखीच्या जागेवरून सोडवायला निघालेत. दादाला ते नाशिकला हवेत. त्यांच्या हातातलं एकेक काढून घ्यायचं आणि बदली काय देणार ते कुणी सांगत नाही. दांडी हाताला लागल्याशिवाय त्यांनी फलाट का सोडावा? मी आहे तोवर सोडू देणार नाही. हा बग एकदा सापडू दे, दादाला फोन करून सांगणार आहे — ज्या माणसाला तू म्हातारा म्हणतोस ना, त्याने काय शोधून काढलं ते ऐक.

२२ जानेवारी, गुरुवार

रिक्षात लिहितेय. खड्ड्यांमुळे अक्षर वेडंवाकडं.

चाळण काढलेला कॉल. बाबा निघाले, जिना उतरले. वडगाव, कान्हे, कामशेत — आणि शांतता. पण आज ती रिकामी नव्हती. चाचींचा कुकर वाजला, सबंध शिट्टी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भंगारवाला ओरडत जवळ आला आणि लांब गेला, त्याचा एक शब्द तुटला नाही. कुणीतरी बादली ठेवली. सगळी गल्ली मला ऐकू येत होती. बाबा तेवढे नव्हते. मग — "मळवली, लोणावळा."

सलिलने हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "रूपाली, घरी जा."

चाचींना फोन केला. स्कूटरची किल्ली घ्या, देऊ नका, पूर्वाला आज तुम्ही आणा. "घेतली," म्हणाल्या. "भाऊ चिडलेत. विचारतात, माझं काय चुकलं?"

दादा, सिग्नल, खालिदचं दुकान, स्टॅच्यू. दर वेळी उत्तर माझ्याकडे तयार होतं.

बाबांना काय सांगू? मध्येच भान जाऊन आपण कुठे थांबलो, हे त्यांना माहीतच नाही. ते शपथेवर सांगतील की मधलं एकही स्टेशन गाळलं नाही. आणि खरंच, एकही गाळलेलं नाही त्यांनी.